पन्नास डोसांची कुपी

जिमवर छापा पडला, इंजेक्शनच्या कुप्या सापडल्या, विकणाऱ्या पोरांना अटक झाली, ही बातमी आता पुणे-पिंपरीपुरती राहिलेली नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या पानांवरही ती येते. फोटोत टेबलावर काचेच्या कुप्या रांगेनं मांडलेल्या असतात, मागे पोलीस उभे असतात आणि मथळ्यात ‘नशेचं इंजेक्शन’ असं लिहिलेलं असतं. कुपीवरचं लेबल मेफेंटरमाइन सल्फेटचं असतं. तीच कुपी रोज माझ्या ट्रेमध्ये असते.

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये, आणि बोलावणं आलं की सरकारी रुग्णालयातही, भूल द्यायला जाते. बातमी ज्याला नशेचं औषध म्हणते ते हाताशी नसेल तर मी सिझरला सुरुवात करू देत नाही. म्हणून मला या औषधाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलणं भाग आहे. जिममधून ते गेलंच पाहिजे. ऑपरेशन थिएटरमधून मात्र ते जाता कामा नये. आज पहिलं काम नीट होत नाही, आणि ते उरकण्याच्या घाईत दुसरंच घडून बसेल अशी मला धास्ती वाटते.

आधी हे औषध कशासाठी असतं ते सांगते. सिझरसाठी आम्ही बहुतेक वेळा कमरेत भूल देतो. १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यविशारदानं ही पद्धत शस्त्रक्रियेसाठी वापरली, आणि सव्वाशे वर्षांनंतरही बाळंतिणीसाठी तिच्याइतकी सोयीची भूल क्वचितच दुसरी आहे. बाई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. पण मणक्यात सोडलेलं औषध दुखण्याच्या नसा बधिर करतं तसंच रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही बधिर करतं. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साठतं, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं. त्यात नऊ महिन्यांचं पोट पाठीजवळच्या मोठ्या नीलेवर दाब देतं. त्यासाठी आम्ही उजव्या कुशीखाली उशी सरकवतो, टेबल डावीकडे कलतं ठेवतो, सलाईन जोरात सोडतो. तरीही दोन-तीन मिनिटांत वरचं बीपी १२०चं ७० होऊ शकतं.

ते मॉनिटरवर दिसण्याआधी बाईच्या तोंडावर दिसतं. ती जांभई देते. ओठ पांढरे पडतात. ‘मॅडम, मळमळतंय,’ म्हणते, किंवा ‘जीव घाबराघुबरा होतोय.’ तिच्या मेंदूला रक्त कमी पडायला लागलेलं असतं आणि पोटातल्या बाळालाही, कारण वारेतून जाणारं रक्त आईच्या बीपीवरच अवलंबून असतं. आईचं बीपी खाली राहिलं तर बाळ गळाठलेलं बाहेर येतं. म्हणून भूल दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत मी दर मिनिटाला बीपी मोजते. ते उतरायला लागलं की मी म्हणते, ‘सिस्टर, मेफेन.’ सहा मिलिग्रॅम मेफेंटरमाइन शिरेतून जातं. मिनिटभरात बीपीचा पट्टा पुन्हा फुगतो, आकडा शंभराच्या वर येतो, आणि ती विचारते, ‘झालं का हो बाळ?’

जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकत्र बसून सिझरच्या वेळी उतरणाऱ्या बीपीसाठी जी शिफारस केली, तिच्यात पहिली पसंती फेनिलेफ्रिनला आहे. ते मला मान्य आहे, आणि सोय असेल तिथं मी तेच वापरते. पण त्याच्या एका अँप्युलमध्ये दहा मिलिग्रॅम असतं आणि द्यायचं असतं एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी. म्हणजे शंभरपट पातळ करायचं. रात्री दोन वाजता, एक सिस्टर आणि मी अशा दोघीच असताना, त्या पातळ करण्यात एक शून्य चुकलं तर बीपी आभाळाला भिडेल आणि नाडी कोसळेल. मेफेंटरमाइन एवढं काटेकोर नाही. थोडं इकडचं तिकडं झालं तरी ते सांभाळून घेतं, नाडी मंदावू देत नाही, स्वस्त आहे आणि तालुक्याला मिळतं. लहान गावातल्या बाळंतिणीसाठी या गोष्टींना फार किंमत आहे.

आता याच औषधानं तरण्या पोरांचं काय होतं ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनालिन नावाच्या रसायनाचा साठा असतो. संकटात शरीर तो थोडा थोडा सोडतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे रसायन मज्जातंतूंचा निरोप्या आहे हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवलं, त्यासाठी १९७० सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मेफेंटरमाइनचं बरंचसं काम उसनं असतं. ते तुमचाच साठा तुमच्याकडून ओतून घेतं. थिएटरमध्ये तेवढंच पुरतं, कारण आम्हाला अर्ध्या-पाऊण तासाची निकड भागवायची असते. निरोगी पोरानं व्यायामाआधी ते टोचून घेतलं की छाती धडधडते, थकवा जाणवत नाही, अंगात काहीतरी संचारल्यासारखं वाटतं, भूक मरते. त्याला वाटतं ताकद वाढली. ताकद एक तोळाही वाढलेली नसते. थकवा ही शरीरानं दिलेली सूचना असते, ती तेवढी ऐकू येईनाशी झालेली असते.

साठा पुन्हा भरायला वेळ लागतो. लागोपाठ टोचत राहिलं की तीच मात्रा पूर्वीइतकं काम करत नाही. हे आम्हा भूलतज्ज्ञांना शिकताना सांगितलेलं असतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या डोसाला बीपी हललं नाही तर आम्ही औषध बदलतो. जिममधल्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो मात्रा वाढवतो.

वाढवत नेल्यावर जे होतं ते भारतातल्याच मानसोपचारतज्ज्ञांनी आणि हृदयरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदवून ठेवलं आहे. झोप उडते. संशय यायला लागतो, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटतं, आवाज ऐकू येतात. पंचविशीच्या आतल्या पोराला हृदयविकाराचा झटका येतो. हृदयाचा स्नायू कमजोर होतो. मेफेंटरमाइन शरीरात गेल्यावर त्याचं काही अंशी फेंटरमाइन होतं, आणि हे रसायन ॲम्फेटामाइनच्याच कुळातलं आहे, तेव्हा मेंदूवर त्याचा पगडा बसतो यात नवल नाही. एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती वेगळी. हा गैरवापर आजचा किंवा एकट्या भारतातलाही नाही. अमेरिकेत पूर्वी नाक मोकळं करण्याच्या नळीत हेच औषध भरून विकत, आणि तिथंही लोकांनी ते नशेसाठी वापरलं. उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेच्या बंदीच्या यादीत ते आहे आणि आपल्या खेळाडूंच्या नमुन्यांत ते सापडलेलंही आहे.

मला या प्रश्नाची खरी धग बातमीतून लागली नाही, टेबलावर लागली. मोटारसायकलवरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेला एक तरणा मुलगा रात्री आला होता. अंग कमावलेलं. रक्त गेलं होतं, पण फार नाही. कमरेत भूल दिली, बीपी ऐंशीवर आलं. सहा मिलिग्रॅम मेफेन दिलं. काही नाही. पुन्हा दिलं. आकडा जागचा हलेना. सलाईन धावतंय, सर्जन विचारतायत मॅडम सुरू करू का, मी पोट दाबून बघतेय आत कुठं रक्त साचतंय का. तसं काही नव्हतं. शेवटी नॉरॲड्रेनालिन पातळ करून पंपावर लावलं, तेव्हा बीपी चढलं आणि पुढचं पार पडलं. दुसऱ्या दिवशी घरचे चहाला खाली गेले तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि विचारलं. बराच वेळ तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, अप्पांना सांगू नका. भरतीसाठी घेत होतो. सगळेच घेतात.’

एका रुग्णावरून मी सिद्धांत मांडणार नाही. पण हे औषध ज्या रीतीनं काम करतं ते ध्यानात घेतलं तर मला दुसरं कारण सापडलं नाही. आत साठाच उरला नव्हता, तर औषध ओतून घेणार कुठून? आमच्याकडे त्या रात्री नॉरॲड्रेनालिन होतं आणि पंप होता. तालुक्याच्या प्रत्येक थिएटरमध्ये रात्रीच्या वेळी या दोन्ही गोष्टी असतातच असं नाही.

त्याचं ‘भरतीसाठी’ माझ्या मनातून जात नाही. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावायचं असतं. जागा थोड्या, अर्ज अफाट. काही सेकंदांवर गुण, गुणांवर नोकरी आणि नोकरीवर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. पहाटे चारला उठून रस्त्याच्या कडेनं पळणारी ही पोरं मला रात्रीच्या केसहून परतताना दिसतात. शेतकऱ्यांची, ऊसतोड मजुरांची, रिक्षावाल्यांची पोरं. त्यांना नशेखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणीतरी त्यांच्या हातात कुपी ठेवतो आणि सांगतो, घे, दम लागणार नाही. त्या माणसावर माझा राग आहे.

आणि तिथंच आपलं चुकतंय. पोलीस पकडतात तो बहुतेक वेळा शेवटचा विक्रेता असतो: जिमचा ट्रेनर, एखादं कॉलेजचं पोर, कुरिअरनं माल मागवणारा कुणी. प्रत्येक कुपीवर बॅच नंबर छापलेला असतो. कंपनीनं ती बॅच कुठल्या ठोक विक्रेत्याला दिली, त्यानं पुढे कुणाला दिली, याची बिलं असतात, कायद्यानं असावीच लागतात. उलट्या पावलांनी चालत गेलं की माल कुठं फुटला ती जागा सापडते. पोराला अटक झाल्याच्या बातम्या मी वाचते. त्यानंतर अमुक ठोक विक्रेत्याचा परवाना रद्द झाला अशी बातमी माझ्या वाचनात अभावानंच येते. अन्न व औषध प्रशासनाकडे औषध निरीक्षक कमी आहेत ही सबब खरी असेल, पण मग पदं भरा. कुप्यांची रांग मांडून फोटो काढल्यानं पुढची खेप थांबत नाही.

दुसरीकडून मागणी येते, की हे औषध सरळ अमली पदार्थांच्या कायद्यात घाला. आईबापांच्या तोंडून ती येते तेव्हा मला ती समजते. पण या वाटेनं आपण एकदा गेलो आहोत. १९८५ साली एनडीपीएस कायदा आला. हेतू योग्य होता. पण मॉर्फिन ठेवायला इतके परवाने आणि चूक झाली तर इतकी कडक शिक्षा, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. त्यानंतर जवळपास तीस वर्षं या देशातले कॅन्सरचे रुग्ण दुखण्यानं तळमळत गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठं थोडी वाट मोकळी झाली, आणि अजूनही तालुक्याला मॉर्फिन मिळणं सोपं नाही. मॉर्फिनची नशा करणाऱ्यांना त्या काळात दुसरं काही ना काही मिळतच राहिलं. मिळालं नाही ते रुग्णाला. केटामिनच्या बाबतीत २०१५ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर हाच वाद झाला. गैरवापर होतो म्हणून जगभर निर्बंध घाला, असा प्रस्ताव होता. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला विरोध केला, कारण गरीब देशांतल्या कितीतरी ठिकाणी भूल द्यायला तेवढंच एक औषध असतं. मेफेंटरमाइनचा विचार करताना हे दोन्ही दाखले समोर ठेवले पाहिजेत. छोट्या नर्सिंग होमला परवान्यांचा जाच झाला तर ते औषध ठेवणार नाही, आणि त्याची किंमत पाठीवर पडून जांभया देणारी ती बाई मोजेल.

मग करायचं काय? मला विचाराल तर सुरुवात कुपीपासून करा. बाजारात जी कुपी सर्रास मिळते ती दहा मिलीची असते, दर मिलीत तीस मिलिग्रॅम. एकूण तीनशे मिलिग्रॅम. माझा एक डोस सहा मिलिग्रॅमचा. म्हणजे एका कुपीत पन्नास डोस. कुठल्याही एका रुग्णाला पन्नास डोस लागत नाहीत. त्या कुपीतलं एक मिली काढून मी ते दहापट पातळ करते, त्यातलंही निम्मं अनेकदा फेकून देते, आणि उरलेली कुपी ट्रेमध्ये राहते. एवढी मोठी कुपी कशासाठी? थिएटरसाठी एका डोसाची, आधीच पातळ केलेली अँप्युल काढा, किंवा भरलेली सिरिंज. पातळ करताना होणारी चूक टळेल. एकाच कुपीत दहा वेळा सुई खुपसल्यानं जंतू जाण्याची भीती टळेल. आणि ज्याला जिममध्ये एका कुपीएवढा माल विकायचा आहे त्याला पन्नास अँप्युल जमवाव्या लागतील. एका डोसामागे रुग्णालयाला काही रुपये जास्त पडतील हे मला कळतं. ते मला महाग वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट दुकानाची. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही हा नियम आहेच. पण जरा थांबून विचार केला तर मुळात चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या दुकानात जाऊन हे इंजेक्शन घरी न्यायचं कारण कुठल्याच रुग्णाला नसतं. बीपी कमी होतं म्हणून कुणी घरी हे टोचून घेत नाही. चक्कर येणाऱ्या सासूबाईंना किंवा उपासानं गळून गेलेल्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. ते लागतं मॉनिटर लावलेल्या, शिरेत सलाईन चालू असलेल्या माणसाला. तेव्हा ते फक्त नोंदणीकृत रुग्णालयाला विकावं, ऑनलाइन विक्री साफ बंद करावी, आणि काही प्रतिजैविकांसाठी दुकानदाराला जशी वेगळी नोंदवही तीन वर्षं जपून ठेवावी लागते तशी नोंद याच्या प्रत्येक खरेदी-विक्रीची व्हावी. यात रुग्णालयावर नवा परवाना येत नाही. वाट अरुंद होते ती दुकानाच्या काउंटरवर.

तिसरी गोष्ट माझ्याच माणसांना सांगायची आहे. आपल्या थिएटरमध्ये मॉर्फिनच्या जातीचं फेंटानिल कुलुपात असतं आणि मेफेंटरमाइन उघड्या ट्रॉलीवर. ते उघड्यावर असायलाच हवं, कारण किल्ली शोधायला वेळ नसतो. पण रात्री किती कुप्या होत्या, सकाळी किती उरल्या, रिकाम्या किती, एवढं वहीत लिहायला दोन मिनिटं लागतात. अर्धवट उरलेली कुपी सिस्टरनं कुणासमक्ष रिकामी करून टाकावी. आणि ज्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर हे औषध भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीच्या नावानं लिहून दिलं जातं त्यांच्याबद्दल आपल्या संघटनांनी गप्प बसू नये. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, हे मला सहन होत नाही.

जिमच्या ट्रेनरला काय येतं, तो पोरांना काय देतो, हे कुणी तपासत नाही, तेही बदलायला हवं. भरतीच्या मैदानावर आणि जिल्ह्याच्या कुस्ती-कबड्डीच्या स्पर्धांत चिठ्ठ्या टाकून काही जणांची लघवी तपासली तर निदान आसपासच्या अकादम्यांना धाक बसेल. पण तपासणीत सापडलेल्या पोराला थेट गुन्हेगार ठरवू नका. त्याला व्यसनमुक्तीचा उपचार, ईसीजी आणि मानसोपचार लागतो. मुलगा रात्र रात्र जागतोय, जेवत नाही, विनाकारण अंगावर येतोय, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालतोय, असं दिसलं तर आईबापांनीही जिमवर खूश होऊन बसू नये.

आणि हे जी पोरं वाचत असतील त्यांना, किंवा वाचून दाखवणाऱ्या त्यांच्या मित्रांना: कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर तुम्हाला विचारतील, काही औषधं चालू आहेत का. तेव्हा खरं सांगा. त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं असेल तर बीपी आणि नाडी आधीच चढलेली असते आणि आमच्या औषधांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बरेच दिवस घेत असाल तर बीपी पडल्यावर मेफेन चालणार नाही, हे मला आधी कळायला हवं. मी नॉरॲड्रेनालिन किंवा फेनिलेफ्रिन भरून ठेवीन. ऑपरेशन थांबण्याजोगं असेल तर मी ते पुढं ढकलीन आणि आधी हृदयाची तपासणी करून घेईन. आईवडील खोलीत असतील तर त्यांना बाहेर पाठवा म्हणून सांगा, मी पाठवते. तुमच्या केसपेपरवर मी ते लिहीन, कारण माझ्यानंतर ड्यूटीवर येणाऱ्या डॉक्टरांना ते कळलं पाहिजे. पोलीस ठाण्यात फोन करण्यासाठी मी विचारत नाही.